गुप्त संघटना पारखायची कशी

एखाद्या संघटनेला ‘गुप्त’ म्हणण्याआधी तिने नेमके काय झाकले आहे, ते कागदावर मांडा. अस्तित्व, सभासदांची नावे, हेतू आणि विधी, यांपैकी काय? फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाच्या सभासदांच्या लॉजच्या, म्हणजे स्थानिक शाखांच्या, इमारती रस्त्यावरून दिसतात, लंडनची ग्रँड लॉज १७१७ साली स्थापन झाल्याचे ते स्वतःच सांगतात. झाकलेल्या असतात त्या ओळखीच्या खुणा आणि दीक्षाविधी. सावरकरांच्या ‘अभिनव भारत’ या क्रांतिकारक संघटनेला (१९०४) मात्र माणसे आणि बेत दोन्ही लपवणे भाग होते, कारण पकडले गेल्यास तुरुंग किंवा फाशी ठरलेली. दोघांना एकाच रांगेत बसवलेत तर पुढचा सगळा अभ्यास चुकतो.

मग लपवाछपवी कोणापासून आहे ते पाहा: सरकारपासून, बाहेरच्यांपासून की आपल्याच खालच्या सभासदांपासून? हा तिसरा प्रकार सर्वांत कमी तपासला जातो आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. जर्मनीतल्या बव्हेरियातील इल्युमिनाटी ही संघटना त्याचे ठळक उदाहरण. १ मे १७७६ रोजी आडाम वाइसहाउप्टने ती सुरू केली. सभासदांना टोपणनावे होती, तो स्वतः ‘स्पार्टाकस’. खरा हेतू वरच्या पायरीवर गेल्याशिवाय कळत नसे. अशा रचनेत वरच्यांना खालच्यांवर नजर ठेवावी लागते, त्यासाठी अहवाल मागवावे लागतात, आणि अहवाल म्हणजे कागद. १७८५ पर्यंत बंदी आली, १७८६ मध्ये एका सभासदाच्या घरी कागदपत्रे सापडली आणि सरकारने ती छापून टाकली. गुप्तता बहुधा अशीच फुटते: लेखी पुराव्याने, नाहीतर आतल्या भांडणाने.

शपथही शब्दशः वाचा. ती विधीबद्दल मौन मागते की माणसाची आज्ञाधारकता? बाहेर पडायची वाट आहे का? वाट नसेल तर सावध व्हा.

शेवटी साधनांची चाळणी. जप्त कागद, सभासदांच्या आठवणी आणि विरोधकांची पुस्तके वेगवेगळ्या ढिगांत ठेवा. केवळ तिसऱ्या ढिगावर कधीच विसंबू नका: लिओ ताक्सिल या फ्रेंच लेखकाने फ्रीमेसनांच्या सैतानपूजेच्या कहाण्या वर्षानुवर्षे छापल्या आणि १८९७ मध्ये पॅरिसला भर सभेत त्या बनावट असल्याचे कबूल केले. जप्त कागदांतही निवड करणारा हात सरकारचाच असतो, म्हणून छापील संग्रहाशेजारी मूळ पत्रे ठेवून गाळलेले भाग शोधा.