किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी कणकवलीत

परळच्या आमच्या सोसायटीने वर्गणी काढून एईडी, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला गरज असेल तर विजेचा झटका देणारं मशीन, घेतलं, तेव्हा नारळ फुटला, हार चढला, फोटो निघाले. महिन्याभराने मी कोणाला न सांगता सराव घेतला. वॉचमनला म्हटलं, "माणूस पडलाय, मशीन आण." सात मिनिटांनी पोरगा रिकाम्या हातांनी परत. "सिस्टर, ऑफिसला कुलूप. किल्ली सेक्रेटरीसाहेबांकडे, आणि ते लग्नाला कणकवलीला गेलेत."

हृदय थांबल्यावर कोणी छाती दाबली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. सात मिनिटांचा हिशेब तुम्हीच करा.

मी आयसीयूत 31 वर्षं काढली. मशीन चालवणं सोपं आहे. झाकण उघडलं किंवा बटण दाबलं की ते स्वतःच बोलायला लागतं. हृदयाची लय झटका देण्याजोगी नसेल तर बटण दाबूनही झटका बसत नाही, तेव्हा "चुकून मारलं तर?" ही भीती सोडा. खरा वेळ जातो आपल्या गोंधळात.

कोणी कोसळलं की खांदे हलवून जोरात हाक मारा. उत्तर नाही आणि श्वासही नाही, तर लगेच कामाला लागा. मधूनच घोरल्यासारखे आचके येत असतील तर त्याला श्वास समजू नका. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं ते येतात, आणि लोक तेवढ्यावर विसंबून हातावर हात ठेवून बसतात. कांदा, चप्पल, तोंडात पाणी, यातलं काही नको. "कोणीतरी जा" म्हटलं की कोणीच हलत नाही. बोट दाखवून सांगा: "निळा शर्ट, तू मशीन आण. काकू, तुम्ही 108 लावा."

तोवर छातीच्या मधोमध हातावर हात ठेवून दाबायला सुरुवात करा. 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. आपले मराठी आकडे दहाच्या पुढे लांबतात, एकोणीस-सत्तावीस म्हणेपर्यंत वेग पडतो. म्हणून मी दहा-दहाचे तीन फेरे मोजायला लावते. बरगडी कडकन वाजली तरी थांबायचं नाही.

मशीन आलं की एकाने दाबत राहायचं, दुसऱ्याने छाती उघडी करायची. पूर्ण उघडी. नंतरच्या सरावात एकाने मशीनचं चिकट पॅड, ज्यातून झटका जातो ते, बनियनवरच चिकटवलं होतं. मुंबईच्या घामात पॅड धरत नाही, आधी खसाखसा पुसा. केस दाट असतील तर रेझर फिरवा. सोनसाखळी, मंगळसूत्र बाजूला सरकवा, औषधाची पट्टी असेल तर काढून तिथलं पुसा. कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर त्याच्यावर पॅड नको, थोडं लांब लावा.

बाई पडली असेल तर पुरुष मागे सरतात. लाज मला कळते, पण त्या लाजेपायी जीव जातो. ब्लाउज, ब्रा कात्रीने सरळ कापा. भोवतीच्या बायकांनी पाठमोरं उभं राहून ओढण्यांचा आडोसा करावा. आमच्या सरावात हे काम शेजारच्या आजींनी एका चादरीत उरकलं.

पॅडवरचा प्लास्टिकचा पापुद्रा काढा. एक पॅड उजवीकडे, गळ्याच्या आडव्या हाडाखाली. दुसरं डाव्या काखेखाली बरगड्यांवर. उजवं-डावं पडलेल्या माणसाचं, तुमचं नव्हे. आठ वर्षांखालच्या मुलाला लहान मुलांचे पॅड. नसतील तर मोठेच, एक छातीवर आणि एक पाठीवर.

मशीन बहुतेक वेळा इंग्रजीत बोलतं. "ॲनालायझिंग" ऐकलं की सगळ्यांनी हात काढायचे, हात धरून रडणाऱ्या बायकोनेसुद्धा. "शॉक अॅडव्हाइज्ड" म्हणालं की डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवा, "सगळे बाजूला!" असं ओरडा आणि मगच लुकलुकणारं बटण दाबा. पावसात माणूस साचलेल्या पाण्यात पडला असेल तर आधी ओढून बाहेर घ्या, छाती पुसा. ऑक्सिजन चालू असेल तर तो लांब न्या.

झटका बसला की नाडी बघत बसू नका, लगेच दाबायला लागा. "नो शॉक" म्हणालं तरी, श्वास नसेल तर, तेच. दोन मिनिटांनी मशीन पुन्हा तपासेल, तेव्हा दाबणारा बदला. दमलेला माणूस खोल दाबत नाही. पेशंट हलला, श्वास घेऊ लागला, तर कुशीवर वळवा. पॅड मात्र काढू नका, मशीन बंद करू नका. हृदय पुन्हा थांबू शकतं.

आता आमचं मशीन वॉचमनच्या केबिनबाहेर बिनकुलपाच्या पेटीत आहे. तो रोज सकाळी हिरवा दिवा बघून वहीत खूण करतो. पॅडची मुदत कधी संपते, ते झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. सोबतच्या पिशवीत कात्री, रेझर आणि नॅपकिन. नॅपकिन आतापर्यंत दोनदा गाडी पुसायला गेला, म्हणून तिसरा मी पिशवीला शिवूनच टाकलाय, सुटा धागा ठेवून, जोरात ओढला की निघेल असा.