बारावीनंतरची सुट्टी: ठाणे-नवी मुंबईकरांनी कॉलेजआधी हातावेगळी करायची कामं

बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि कॉलेज जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं, म्हणून हातात चार-पाच महिने आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ही सुट्टी तुकड्यांत मिळते. एप्रिल-मे सीईटी या प्रवेश परीक्षेत जातो, मग निकाल, मग कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या. त्यामुळे कुठलं काम आधी करायचं हे ठरवणं महत्त्वाचं. दाखल्यांची कामं सगळ्यांत आधी उरकावीत, कारण बारावीचा निकाल लागला की दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्रासमोर रांगा लागतात आणि ऑनलाइन अर्जही तहसीलमध्ये तुंबतात.

पहिली गोष्ट म्हणजे आपलं तहसील कोणतं ते नक्की करा. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्त्यात ‘नवी मुंबई’ आहे म्हणून दाखल्यांच्या ‘आपले सरकार’ या सरकारी संकेतस्थळावर ठाणे जिल्हा निवडला की अर्ज परत येतो आणि तेवढे दिवस वाया जातात.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर (ओबीसीसारख्या आरक्षणासाठी कुटुंब उत्पन्नमर्यादेत असल्याचा दाखला) १ एप्रिलनंतरच काढा. या दाखल्यांची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते. ज्या वर्षी प्रवेश घेणार, त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत नॉन-क्रिमिलेअर वैध असायला हवं. मार्चमध्ये घाईने काढलेलं चालेलच असं नाही, म्हणून हातात पडल्यावर आधी खालची तारीख वाचा. नॉन-क्रिमिलेअरसाठी उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा लागतो. एका वर्षाचा काढला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. डोमिसाइलला, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याच्या दाखल्याला, बऱ्याच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची पंचाईत इथेच होते, कारण लाइट बिल मालकाच्या नावावर असतं. अशा वेळी शाळेकडून पहिली ते दहावीचं बोनाफाइड, प्रवेशाच्या तारखांसह, मागून घ्या. मे महिन्यात शाळेचं ऑफिस अर्धाच दिवस उघडं असू शकतं, म्हणून हे एप्रिलमध्येच करावं. जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच केला असेल, तर आता बसून वाट पाहू नका. दर आठवड्याला लॉगिन करून त्रुटी निघाली आहे का ते बघा. बहुतेक वेळा वडील-आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून अडतं आणि ते कागद गावाकडून आणायला वेळ लागतो.

यापेक्षा किरकोळ दिसणारी, पण शिष्यवृत्ती अडवणारी गोष्ट म्हणजे आधार. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते बघा. वडिलांच्या नावातला एखादा ‘ए’ किंवा ‘एच’सुद्धा पुरतो. आधारवर नाव फक्त दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून मार्कशीट समोर ठेवूनच दुरुस्ती करा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावरचं बोटांच्या ठशांचं अपडेट राहिलं असेल, तर तेही त्याच फेरीत करा. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे हे काम झालं असं नाही. बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत जी बँक शेवटची जोडली गेली, तिथे रक्कम जाते, मग ते खातं बंद पडलेलं का असेना. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहायला दोन मिनिटं लागतात. लहानपणी आई-बाबांनी उघडलेलं खातं अठरा पूर्ण होताच नव्या केवायसीशिवाय आणि स्वतःच्या सहीशिवाय चालत नाही, तेही शाखेत जाऊन मोकळं करून घ्या.

ज्युनिअर कॉलेजचा एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) घेताना काउंटर सोडण्याआधी नाव, जन्मस्थान आणि जात नीट वाचा. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे पुन्हा अर्ज आणि पुन्हा खेपा. लायब्ररीची पुस्तकं आधी परत केलेली असली की एलसी अडत नाही. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद कॉलेजकडे द्यावे लागू शकतात. म्हणून त्याआधी प्रत्येकाचं स्वच्छ स्कॅन आणि पाच-पाच झेरॉक्स करून ठेवा. डिजिलॉकरचं खातं उघडून त्यातूनच एबीसी आयडी (पदवीचे क्रेडिट साठवणारा क्रमांक) काढा, पदवी कॉलेजात तो मागतात. बीए, बीकॉम, बीएस्सीला जाणाऱ्यांनी मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी विसरू नये. नुसता कॉलेजचा फॉर्म भरून भागत नाही.

अठरा पूर्ण झाली असतील तर मतदार नोंदणीचा ६ नंबरचा फॉर्म भरा. शिकाऊ लायसन्स मेच्या सुरुवातीला काढलं तर पक्क्या लायसन्सची चाचणी तीस दिवसांनी देता येते, म्हणजे कॉलेज सुरू व्हायच्या आत काम होतं. शिकाऊ लायसन्स सहा महिनेच चालतं, हेही ध्यानात असू द्या.

अभ्यासाचं म्हणाल तर पुढच्या वर्षाची पुस्तकं आणून वाचायची गरज नाही, जुने कच्चे दुवे पक्के करा. इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांची हमखास गाडी अडते ती अकरावीच्या गणितावर. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण वीस टक्के असतो, म्हणून मुलं ते सोडून देतात. मग पहिल्याच सेमिस्टरला कॉम्प्लेक्स नंबर समोर येतात आणि मूळ संकल्पनाच आठवत नाही. कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स आणि डेरिव्हेटिव्हची सूत्रं रोज एक तास, तीन आठवडे केली की पुष्कळ झालं. कॉमर्सवाल्यांनी तेवढ्याच वेळात एक्सेल शिकावं. सरकारी टायपिंगचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. सुट्टी आहे म्हणून मेमध्ये नाव घातलं तर तो पहिल्या सेमिस्टरमध्ये घुसतो, त्यापेक्षा घरीच कीबोर्डकडे न बघता टाइप करायची सवय लावा. वाचनासाठी ठाण्यात १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथलं सभासदत्व या दिवसांत घ्यावंच. पुढे चार वर्षं इतका निवांतपणा मिळणार नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कॉलेज नक्की झालं की प्रवासाची रंगीत तालीम करा, पण रविवारी नको. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि गर्दीचा अंदाजच येत नाही. मंगळवारी-बुधवारी, पहिल्या लेक्चरच्या वेळेला पोहोचायचं धरून निघा आणि घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. घोडबंदर रोडच्या मुलांचा लोकलपेक्षा जास्त वेळ स्टेशन गाठण्यातच जातो. ठाण्याहून वाशी-पनवेलची गाडी ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटते. मुख्य मार्गाच्या गाडीतून उतरून तिथवर पूल चढून जायचा वेळही धरा. एक फेरी पाऊस सुरू झाल्यावर मारा, कारण उन्हाळ्यात काढलेला हिशेब जुलैत टिकत नाही. विद्यार्थी सवलतीचा पास कॉलेजने दिलेल्या फॉर्मवर निघतो. त्या फॉर्मवर घराजवळचं स्टेशन आणि आधारवरचा पत्ता जुळले पाहिजेत, आणि तीन महिन्यांचा पास घेतला तर दर महिन्याची रांग वाचते.