भेदरलेल्या कुत्र्याला फोस्टर करताना

फोस्टर करणं म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्र्याला आपल्या घरी सांभाळणं. रेस्क्यू होऊन आलेला कुत्रा कोपऱ्यात अंग चोरून बसतो, हात फिरवला तरी हलत नाही, आणि घरातले म्हणतात, "किती शांत आहे!" तो शांत नसतो, भीतीने थिजलेला असतो. पळायला जागा नाही आणि गुरगुरायची हिंमत नाही, तेव्हा कुत्रा असाच गप्प होतो. अशा वेळी सगळे त्याला गोंजारतात, मांडीवर ओढतात, आणि आठ-दहा दिवसांनी अंगात थोडं बळ आलं की तो "अचानक" चावतो.

म्हणून आधी त्याचं अंग वाचायला शिका. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, झोप नसताना जांभई, समोर खाणं नसताना नाक चाटणं, मान वळवून भलतीकडे बघणं. यातलं काहीही दिसलं की दोन पावलं मागे सरका. गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं दाबून टाकलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

तो येण्याआधी

ज्या खोलीत वर्दळ कमी, तिथे एक कोपरा त्याचा. टेबलावर चादर टाकून तीन बाजू झाका, आत जुनी गोधडी. क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) असेल तर दार कायम उघडं. या जागेत तो असताना कुणीही हात घालायचा नाही, लहान मुलांनी तर मुळीच नाही. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरला की भित्रा कुत्रा तिथून हलायचंच बंद करतो. त्यामुळे कोपऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंज्या किंवा योगा मॅट अंथरा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला डोक्यावर गरगरणारा पंखाही नवा असतो. पहिले दिवस शक्य असेल तर टेबल फॅन लावा. झाडू, पोछ्याची दांडी, आजोबांची काठी त्याच्या नजरेआड ठेवा. काठीचा मार त्याने खाल्लेला असू शकतो.

सर्वात मोठा धोका पळून जाण्याचा, तोही पहिल्या काही दिवसांत. सेफ्टी डोअर आणि मुख्य दार यांतलं एक कायम बंद हवं. बाल्कनीच्या ग्रिलला जाळी लावा. साधा गळपट्टा या कुत्र्यांना पुरत नाही. घाबरलं की कुत्रा मागे मागे सरकतो आणि डोकं सटकन बाहेर काढतो. आपल्या देशी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळे दोन पट्ट्यांचं हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) निसटतं. बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेलं हार्नेस घ्या. ते नसेल तर साधं हार्नेस आणि ओढल्यावर मर्यादित आवळणारा मार्टिंगेल गळपट्टा, दोन्हींना वेगवेगळी लीश (धरायची दोरी). पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकंच सैल ठेवा. फोन नंबरचा बिल्ला पहिल्या मिनिटापासून गळ्यात हवा. लांब-आखूड होणारी लीश नको. तिचं हँडल हातातून सुटलं की खडखडत मागे येतं आणि कुत्रा अजून जोरात पळतो.

पहिल्या एक-दोन दिवसांत व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरांना) दाखवा. दिवसभर झोपणं आणि न जेवणं भीतीमुळेच आहे असं धरून चालू नका. गोचिडतापाचीही तीच लक्षणं असतात. हिरड्या पांढरट, अंग तापलेलं, नाकातून रक्त दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी करा. कानाचा कोपरा व्ही आकारात कापलेला असेल तर नसबंदी झालेली असते, पण रेबीजचं इंजेक्शन कधी दिलं ते कानावरून कळत नाही. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांना दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडीही वेगळी. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजारांची लक्षणं उशिरा दिसू शकतात. स्वतःचीही रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन ठेवा. तरीही दात किंवा नख लागलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, जखम कितीही छोटी असली तरी.

पहिले तीन दिवस

जवळजवळ काहीच करू नका. ठरलेल्या वेळी खाणं ठेवून खोलीबाहेर जा. दिवसातून चार-पाच वेळा त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर, त्याच्याकडे बाजू करून बसा, काहीतरी वाचा, हळू आवाजात बोला. बघायचं नाही, बोलवायचं नाही. मोठा कुत्रा एक दिवस न जेवणं चालतं. दुसरा दिवसही तसाच गेला तर व्हेटला फोन करा. पिल्लासाठी मात्र इतकी वाट पाहू नका.

लघवी तो बराच वेळ धरून ठेवतो. रात्री अकरानंतर किंवा पहाटे सोसायटी निजलेली असताना खाली न्या. तेही जमत नसेल तर ट्रेमध्ये बाहेरची माती नाहीतर गोणपाट ठेवा. फरशीवर झाली तर न बोलता पुसा. 24 तास लघवीच झाली नाही तर व्हेटला विचारा.

तुकडा मागे फेका

इथे बहुतेक जण उलटं करतात. चिकनचा तुकडा हातात धरून "ये, ये" करतात. भूक त्याला पुढे ओढते, भीती मागे. तो मान ताणून तुकडा घेतो, तुकडा संपतो, आणि आपण माणसाच्या इतक्या जवळ आलोय हे लक्षात येऊन दचकतो. दुसऱ्या दिवशी तो आणखी लांब थांबतो.

त्याऐवजी बिनमिठाचं उकडलेलं चिकन हरभऱ्याएवढं कापा. शाकाहारी घरात पनीर चालेल. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट चुकूनही नको. बाजू करून बसा आणि तुकडा त्याच्या मागे, तुमच्यापासून लांब पडेल असा हलकेच फेका. तो वळतो, खातो, म्हणजे तुमच्यापासून सुटकाही मिळाली आणि खाऊही. मग तो आपण होऊन तुमच्याकडे तोंड करतो. दुसरा तुकडा पुन्हा मागे. सहा-सात तुकडे झाले की उठून जा, त्याला अजून हवं असतानाच. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी दोन मिनिटं पुरे. काही दिवसांत तो तुमच्या दिशेने एखाद-दोन पावलं टाकून वाट बघू लागेल. तेव्हा एक तुकडा तुमच्या नि त्याच्या मध्ये, पुढचा लगेच लांब. जवळ येण्याचा निर्णय त्याचा राहिला पाहिजे. धीर त्यातूनच येतो.

जमिनीवर पडलेला आवडता तुकडाही तो खात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात किंवा खोलीत फार काही चाललंय. अधिक चविष्ट खाऊ आणू नका, अंतर वाढवा.

तो स्वतः अंगाला नाक लावू लागला की स्पर्श. डोक्यावरून हात नको, वरून येणारा हात त्याला धमकीसारखा वाटतो. हनुवटीखाली किंवा छातीवर तीन सेकंद, मग हात काढून घ्या. तो पुढे झुकला तर पुन्हा तीन सेकंद. जागेवर थांबून नाक चाटू लागला तर त्याचं उत्तर "नको" असं आहे. पाहुण्यांना हेच नियम दारातच सांगा. "हात हुंगायला देऊ का?" असं विचारतात, त्यालाही नाही म्हणा.

आवाज

कुकरची शिट्टी, मिक्सर, डोअरबेल. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग एक-दोन सेकंदांत तुकडा. उलट केलंत तर तुकडा दिसला की काहीतरी वाईट होणार, असं तो शिकतो. फटाक्यांचं आणि ढोल-ताशांचं रेकॉर्डिंग दिवाळीच्या दोन महिने आधी सुरू करा. आवाज इतका कमी, की फक्त कान हलेल. खाणं थांबलं तर आवाज जास्त आहे. फटाक्यांच्या दिवसांत बाहेर फिरवणं उजेडातच. तो बाथरूममध्ये लपला तर तिथेच गोधडी द्या. तुमच्याजवळ आला तर जवळ घ्या, त्याने भीती वाढत नाही. औषध लागणार असेल तर व्हेटशी आधीच बोला. नुसत्या एसेप्रोमझीन या गुंगीच्या औषधाने शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते.

दिवसा जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत, अंड्यांच्या ट्रेमध्ये, कागद भरलेल्या खोक्यात तुकडे लपवा. हुंगून शोधण्यात तो घर विसरतो. खोक्यात पुढे एक-दोन रिकाम्या बाटल्या टाका, म्हणजे आपल्याच धक्क्याने झालेला आवाज त्याला पचू लागतो. लिफ्टची घाई नको. जिना वापरा, आणि लिफ्ट रिकामी असेल तेव्हा दार उघडं धरून तुकडे आत-बाहेर टाका.

व्हेटची भेट, पाहुणे, फटाके यांनंतर दोन दिवस नवीन काही करू नका, एक पायरी मागून सुरू करा. कित्येक आठवडे उलटूनही तो फक्त रात्रीच हलतोय, सतत दाराला धडका मारतोय, तर व्हेटकडून वर्तनाच्या औषधांबद्दल समजून घ्या. वयात येईपर्यंत माणसाचा हात न लागलेल्या काही कुत्र्यांना घर ही कैदच वाटते. अशा निरोगी कुत्र्याची नसबंदी आणि लस झालेली असेल, त्याच्या गल्लीत खाऊ घालणारी माणसं असतील, तर त्याला तिथेच परत सोडणं हेच त्याच्या हिताचं. 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियमही नसबंदीनंतर मूळ जागीच सोडायला सांगतात.

दत्तक घेणाऱ्यांना आधी तीन-चार वेळा घरी बोलवा आणि तुकडा मागे फेकण्याचा खेळ त्यांच्याकडून करवून घ्या. त्याची न धुतलेली गोधडी सोबत द्या. आणि हेही सांगून ठेवा: निसटलाच, तर मागे धावू नका, नावाने हाका मारू नका. भेदरलेला कुत्रा बऱ्याचदा जवळच गाडीखाली किंवा झुडपात दडून असतो. जिथे निसटला तिथे ती गोधडी आणि चिकन ठेवा, माणसं पांगवा, आणि त्याच्या ओळखीच्या एकाच माणसाने बाजू करून खाली बसावं.