पॅच आला, बसला, पण लागू झाला का?

नागपुरात धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे तीन सर्व्हर मी सांभाळतो. दोनांवर डेबियन १२, एकावर उबुंटू २२.०४; ही दोन्ही लिनक्सची वितरणं, म्हणजे तयार बांधलेली रूपं. सकाळी सात वाजता उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग लागते आणि दुपारपर्यंत त्यांचे रिपोर्ट याच यंत्रांवरून त्यांच्या मोबाइलवर पोचतात. कुणाची साखर किती, कुणाची एचआयव्हीची तपासणी काय आली, सगळं तिथं साठलेलं. म्हणून महिन्यातून एका रविवारी रात्री, लॅबचं शटर पडल्यावर, मी एकाच कामाला बसतो: टाकलेल्या प्रत्येक पॅकेजला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याला, सुरक्षेचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, खरंच मिळाली आहे का ते पाहायचं. या खेपेला पुढच्याच आठवड्यात ऑडिट आहे, आणि माझ्यासोबत काम शिकणारा पोरगा पहिल्यांदा एकटा बसणार आहे. त्याच्यासाठी हे लिहून ठेवतोय. एक-दोन सर्व्हर ज्यांच्या गळ्यात आहेत अशा सगळ्यांनाच ते कामी पडेल.

सुरुवात मागच्या ऑडिटपासून करतो, कारण खरी मेख तिथंच आहे. ऑडिटरच्या स्कॅनरनं लाल अक्षरात लिहून दिलं होतं की ओपनएसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायचं सॉफ्टवेअर) ९.२ आहे, ९.८ हवं, धोका गंभीर. पोरगा घाबरला. म्हणाला, "भाऊ, आपलं तर जुनंच दिसून राहिलं. ९.८ सोर्सवरून टाकून देऊ का?" मी त्याचा हात धरला. ज्या भोकावरून, म्हणजे सुरक्षेतल्या दोषावरून, ते लाल अक्षर आलं ते १ जुलै २०२४ ला जाहीर झालेलं, सीव्हीई-२०२४-६३८७. सीव्हीई म्हणजे जाहीर भोकाला मिळणारा क्रमांक. मूळ प्रकल्पानं ते ९.८ मध्ये बुजवलं हे खरं. पण डेबियन स्थिर आवृत्तीत नवं ९.८ आणून टाकत नाही. तेवढी दुरुस्ती उचलून आपल्या ९.२ वरच बसवतो, म्हणजे बाकीची वागणूक बदलत नाही आणि चालू काम मोडत नाही. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. पुढचा आकडा ९.२ च राहतो, बदलते ती शेपटी: डेबियन १२ मध्ये दुरुस्त पॅकेजचा शेवट 'डेब१२यू३' असा झाला. उबुंटू २२.०४ मध्ये आकडा ८.९ च राहिला आणि शेपटी '३उबुंटू०.१०' झाली. स्कॅनरनं शेपटी वाचलीच नव्हती.

पोरानं सोर्सवरून, म्हणजे मूळ कोड स्वतः बांधून, ९.८ टाकलं असतं तर त्या दिवशी लाल अक्षर गेलं असतं. पण ते पॅकेज ॲप्टच्या, म्हणजे डेबियन-उबुंटूवर पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या, वहीतून बाहेर पडलं असतं, आणि पुढच्या भोकाच्या वेळी त्याला आपोआप पॅच देणारं कुणीच उरलं नसतं. नवा आकडा म्हणजे सुरक्षित हेही धरून चालू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या पॅकेजमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरवाट घातल्याचं उघड झालं, ती ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होती, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात ताज्या आवृत्त्यांत. डेबियनची स्थिर आवृत्ती जुन्या एक्सझेडवर होती म्हणून वाचली. आणि ओपनएसएसएचचं वरचं भोक ८.५ पासूनचं, त्यामुळे उबुंटू २०.०४ मधल्या ८.२ ला त्याची झळच नव्हती. आकडा पाहून निकाल देता येत नाही. तो देण्याचा अधिकार फक्त तुमच्या वितरणाच्या नोंदीला आहे.

आता बसायची तयारी. आधी बॅकअप, आणि तो उघडून पाहिलेला. मग ॲप्ट अपडेट चालवायचं आणि त्याचं उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. इथं घाई करू नका. डब्ल्यू किंवा ई या अक्षरानं सुरू होणारी एक जरी ओळ आली, म्हणजे एखाद्या रिपॉझिटरीची (जिथून पॅकेजं येतात त्या भांडाराची) सहीची किल्ली संपली, मिरर, म्हणजे भांडाराची प्रत, पोचत नाही किंवा पत्ता बदलला, तर तिथून येणारी यादी जुनीच राहिलेली असते. त्यानंतर 'सगळं अद्ययावत आहे' असं उत्तर आलं तरी त्याचा अर्थ एवढाच की आपल्याकडच्या यादीत नवं काही नाही.

ज्या वितरणाचा आधार, म्हणजे नवे पॅच मिळणं, संपलं आहे तेही हेच उत्तर देतं, हे मनात पक्कं ठेवा. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा मोफत आधार मे २०२५ मध्ये संपला. अशी यंत्रं कुरकुर करत नाहीत, नवं काही मागत नाहीत, आणि वर्षभर कुणाला वाटत राहतं की सगळं ठीक आहे. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक सर्व्हरसमोर आधार संपण्याची तारीख लिहून ठेवा. उबुंटूवाल्यांनी आणखी एक पाहावं: पॅकेज उबुंटूच्या भांडाराच्या 'मेन' या भागातलं की 'युनिव्हर्स' या भागातलं? युनिव्हर्समधल्या पॅकेजांना सुरक्षेचे पॅच नियमानं मिळतात ते उबुंटू प्रो ही त्यांची वेगळी सेवा जोडल्यावर. वैयक्तिक वापराला ते पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे. 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' हा आदेश दिला की कुठली किती पॅकेजं उघड्यावर आहेत ते समोर येतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आकडा अस्वस्थ करतो.

अपग्रेड करण्याआधी होल्डवरची, म्हणजे अपग्रेडपासून अडवून ठेवलेली, पॅकेजं बघा, 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' नं. आमच्याकडे डेटाबेस दोन वर्षं होल्डवर निघाला होता. लॅबचं सॉफ्टवेअर देणाऱ्याच्या माणसानं कधीतरी फोनवर सांगितलेलं, "अपडेट करू नका," म्हणून. का, ते कुणालाच आठवत नव्हतं. त्या दोन वर्षांचे पॅच बाहेरच उभे राहिले. तेव्हापासून नियम असा की होल्ड लावायचा तर कारण, तारीख आणि काढायची तारीख वहीत हवी.

एखाद्या ठरावीक भोकाबद्दल विचारायचं असेल तर रस्ता सरळ आहे. सीव्हीईचा क्रमांक घ्या, डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर किंवा उबुंटूच्या सूचनेत आपल्या आवृत्तीसमोरचा दुरुस्त आकडा शेपटीसकट पाहा, आणि आपल्या यंत्रावरचा आकडा त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुसरा पुरावा पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, असतो. डेबियनमध्ये तो यूएसआर, शेअर, डॉक या वाटेनं पॅकेजच्या फोल्डरमध्ये ठेवलेला असतो. त्यात सीव्हीईचा क्रमांक शोधला की ओळ सापडते. रेड हॅट, अल्मा, रॉकी या वितरणांवर आरपीएम या त्यांच्या पॅकेजच्या साधनाला चेंजलॉग विचारा, किंवा डीएनएफ या ॲप्टसारख्या साधनाच्या अपडेटइन्फोमधून सुरक्षेची यादी काढा. जुन्या सेंटओएसच्या रिपॉझिटरीत ही माहिती भरलेलीच नसायची, त्यामुळे तिथं ती यादी रिकामी यायची आणि लोक निर्धास्त व्हायचे. सगळ्या पॅकेजांचा एकत्र ताळा हवा असेल तर डेबियनवर डेबसेकॅन हे तपासणीचं साधन टाका. त्याला 'बुकवर्म' हे डेबियन १२ चं नाव सांगून फक्त दुरुस्ती उपलब्ध असलेली भोकं दाखवायला लावा, नाहीतर शेकडो ओळी येतील आणि त्यांतल्या बऱ्याच भोकांना पॅच अजून निघालेलाच नसेल. अशा भोकांची वेगळी नोंद ठेवा. ती सेवा बंद ठेवता येते का, फायरवॉलमागं नेता येते का, हे त्या नोंदीशेजारी लिहा.

यानंतरचा भाग माझ्या जिव्हारी लागलेला आहे. ७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतलं हार्टब्लीड हे भोक जाहीर झालं. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा बाहेर यायचा, आणि त्यात पासवर्ड असो की खासगी किल्ली, जे हाती लागेल ते. तेव्हा मी एका दुसऱ्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळत होतो. त्याच रात्री पॅच टाकला, आकडा ताडून पाहिला, घरी जाऊन झोपलो. दोन दिवसांनी सहज तपासलं तर सर्व्हर अजून गळत होता. लायब्ररी डिस्कवर नवी होती, पण वेब सर्व्हर सुरू झाला होता जुनी मेमरीत घेऊन, आणि त्याला कुणी उठवलंच नव्हतं. डेबियननं त्या दुरुस्तीनंतर लगेच आणखी एक आवृत्ती काढली, अपग्रेड होतानाच कुठल्या सेवा रीस्टार्ट करायच्या ते सुचवणारी, म्हणजे माझ्यासारखे बरेच असणार. त्या दोन दिवसांत काय बाहेर गेलं हे मला कधीच कळलं नाही. सगळी सर्टिफिकेटं नव्यानं काढली, सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले.

म्हणून अपग्रेडनंतर नीडरीस्टार्ट, म्हणजे कुठल्या सेवा रीस्टार्ट करायच्या ते सांगणारं साधन, चालवल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. उबुंटू सर्व्हर २२.०४ वर ते आधीच असतं, डेबियनवर टाकून घ्या. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर एलएसओएफ, म्हणजे कोण कुठली फाइल धरून बसलंय ते दाखवणारा आदेश, लावा आणि 'डीईएल' असा शेरा असलेल्या ओळी शोधा. पहिल्या रकान्यात वेब सर्व्हरचं नाव, शेवटच्या रकान्यात ओपनएसएसएलची लिबएसएसएल, आणि मध्ये 'डीईएल': फाइल डिस्कवरून गेली, पण हा अजून तिलाच धरून बसलाय. पोराला मी ती ओळ दाखवली तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला. मग सेवा रीस्टार्ट करून तोच आदेश पुन्हा दिला, ओळ गेली. त्यानंतर त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही.

कर्नलचंही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचंही, तसंच. नवा बसतो, चालत राहतो जुना. 'यूनेम' नं चालू कर्नल पाहा, बसलेल्याशी ताडा, आणि व्हार-रनमध्ये 'रीबूट-रिक्वायर्ड' ही फाइल आहे का बघा. रीबूट पुढं ढकलू नका. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, एसी थकतात, दुपारी लाइट जाते आणि यूपीएस संपतो. तेव्हा यंत्र आपोआप बंद पडून सुरू होतं आणि न तपासलेल्या कर्नलवर उठायची पहिली वेळ नेमकी गर्दीत येते. ते एप्रिलमधल्या रविवारी रात्री, तुम्ही समोर असताना होऊ द्या. आधी बूट विभागात जागा आहे ना बघा. तो भरलेला असला की नवा कर्नल अर्धवट बसतो.

पॅकेज मॅनेजरला जे दिसतच नाही ते शेवटी, पण टाळायचं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीचं भोक निघालं तेव्हा ॲप्टनं सगळं ठीक सांगितलं, कारण ती जार फाइल, म्हणजे जावाचा गठ्ठा, लॅबच्या सॉफ्टवेअरच्या पोटात होती, आणि तीही दुसऱ्या जारच्या आत. डॉकरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बंद डब्यात चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, इमेजमध्ये तिची स्वतःची पॅकेजं असतात, बाहेरच्या अपग्रेडनं ती हलत नाहीत. पिप आणि एनपीएम या पायथन-जावास्क्रिप्टच्या साधनांनी टाकलेलं वेगळं, हातानं ऑप्ट या फोल्डरमध्ये ठेवलेलं वेगळं. या सगळ्यांची यादी एकदा बसून करा आणि प्रत्येकासमोर लिहा की याचा पॅच कोण देतो. नाव सुचलं नाही तर तीच तुमची सगळ्यात मोठी जोखीम आहे. आपोआप होणाऱ्या अपग्रेडवर भरवसा असेल तर लक्षात असू द्या, ते मूळ सेटिंगमध्ये बाहेरच्या रिपॉझिटरींना हात लावत नाही.

ऑडिटरसाठी प्रत्येक लाल ओळीमागं तीन गोष्टी जोडून ठेवा: शेपटीसकट आकडा, चेंजलॉगमधली सीव्हीईची ओळ, आणि ती सेवा कधी रीस्टार्ट झाली याची वेळ. मागच्या खेपेला हे तिन्ही दिल्यावर ओपनएसएसएचची ओळ त्यांनी स्वतःच काढून टाकली होती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घटना घडली तर सहा तासांत कळवावी लागते, तेव्हा त्याच रात्री लॉग कुठपर्यंत मागं जातात तेही पाहून घ्या.

एक ओळ मात्र आमच्या वहीत अजून मोकळी आहे. रक्ततपासणीच्या ॲनालायझरला जोडलेला पीसी विंडोज १० वर आहे, त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि यंत्रवाले नव्या विंडोजवर चालेल असं लिहून देत नाहीत. तोवर तो इंटरनेटपासून तोडून वेगळ्या स्विचवर ठेवलाय. डॉक्टर मॅडमना मी पत्र दिलंय, त्यांनी यंत्रवाल्यांना तारीख मागितली आहे. पोरानं त्या ओळीसमोर पेन्सिलनं 'विचारणे' असं लिहून ठेवलंय, रविवारी तो तिथूनच सुरू करेल.