बॉक्सिंगची शैली बदलताय? या चुका टाळा

वय वाढलं की बॉक्सरचे पाय आधी मंदावतात, मग नजर आणि हात यांचा मेळ बिघडतो. ठोशातली ताकद सगळ्यात शेवटी जाते. शैलीही याच क्रमाने बदलायला हवी. प्रत्यक्षात मात्र पाय थकलेले असतात आणि पॅडवर सराव चाललेला असतो ठोशांच्या नव्या कॉम्बिनेशनचा.

हरल्यावर बघू

अमेरिकन बॉक्सर रॉय जोन्स ज्युनियर हात खाली सोडून लढायचा. त्याचा सगळा बचाव वेगावर चालायचा. मार्च 2003 मध्ये जॉन रुइझला हरवून तो हेवीवेट विजेता झाला, मग वजन उतरवून पुन्हा 175 पौंडांच्या गटात आला. मे 2004 मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये नॉकआउट केलं. वेग किंचित घटला आणि त्याच्या मागे दुसरा बचावच उभा नव्हता.

स्पारिंगचे, म्हणजे सरावातल्या लढतींचे, व्हिडिओ सहा-सहा महिन्यांच्या अंतराने शेजारी लावून पाहा. पूर्वी हवेत जाणारा समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आता तुमच्या कपाळावर किंवा ग्लोव्हवर बसत असेल, तर वेळ झालीच आहे. जमिनीवर चिकटपट्टीने साधारण दीड मीटरचा चौकोन आखा. आठवड्यातून एकदा त्याच्या बाहेर पाऊल न टाकता तीन-चार हलके राउंड फक्त ब्लॉक (ठोसा अडवणं), पॅरी (हाताने बाजूला सारणं) आणि स्लिपवर (डोकं बाजूला नेऊन चुकवणं) काढा. जोडीदाराला निम्म्या ताकदीनेच मारायला सांगा.

दिसतं तेवढंच उचलणं

फ्लॉइड मेवेदरचा शोल्डर रोल, म्हणजे खांद्यावर ठोसा झेलून घसरवण्याचा बचाव, पाहून अनेकजण पुढचा हात पोटाशी नेतात आणि तिथेच थांबतात. पुढचा खांदा हनुवटीपर्यंत चढलेला हवा, मागचा ग्लोव्ह गालाशी हवा आणि वजन मागच्या पायावर हवं. यातलं एक जरी सुटलं तरी समोरच्याचा जॅब सरळ नाकावर येतो. समोर साउथपॉ (डावखुरा बॉक्सर) असेल तर हा बचाव आणखी लंगडा पडतो, कारण त्याचा डावा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) खांद्याच्या उघड्या बाजूने आत शिरतो. शिवाय मेवेदरने हे उतारवयात शिकलेलं नाही. बॉक्सरांच्या घरात तो लहानपणापासून हेच करत आला होता.

मुहम्मद अलीच्या ‘रोप-अ-डोप’चं, म्हणजे दोरांवर रेलून समोरच्याला दमवण्याच्या युक्तीचंही तेच. 1974 मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात जॉर्ज फोरमनविरुद्ध तो दोरांवर नुसता रेलला नव्हता. मागे झुकत होता, फोरमनची मान खाली दाबत होता आणि मधूनच सरळ उजवा हात सोडत होता. एवढं करूनही त्याने असंख्य ठोसे खाल्ले. हौशी बॉक्सरने या वाटेला जाऊच नये.

जास्तीचं काही तरी शिकत बसणं

बदल म्हणजे वजाबाकी, हे फोरमनइतकं कुणी नीट दाखवलेलं नाही. तरुणपणी रुंद, घुमवलेले ठोसे मारत तो पुढे जायचा आणि किन्शासात आठव्या राउंडपर्यंत पुरता दमला. निवृत्तीनंतर 1987 मध्ये परतला तेव्हा चाल संथ होती, जॅब जड होता आणि बचावासाठी दोन्ही हात आडवे धरलेला गार्ड होता. 5 नोव्हेंबर 1994 ला, वयाच्या 45 व्या वर्षी, तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे असताना त्याने तेव्हाचा हेवीवेट विजेता मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये आडवं केलं. तरुणपणीचं निम्मं तंत्र त्याने सोडलं होतं, उरलेलं मात्र बारा राउंड पुरणारं होतं.

वजनगट किंवा नियम बदलले, सराव जुनाच

लंडन 2012 साठी मेरी कोमला 48 वरून 51 किलोत जावं लागलं आणि समोर उंच, लांब हातांच्या मुली आल्या. अशा वेळी स्नायू वाढवण्याइतकाच वेळ जॅबखालून आत शिरण्याला द्यावा लागतो. प्रोफेशनल होणाऱ्याने शरीरावरचे ठोसे आणि क्लिंच (समोरच्याला मिठीत धरून अडवणं) सुरुवातीपासूनच घोटावेत, कारण ऑलिंपिक पद्धतीचे तीन राउंड संपतात तिथे दहा-बारा राउंडांची लढत अर्धीही झालेली नसते.

नवी सवय तिसऱ्या राउंडला गळून पडते

दम लागला की हात जुन्या जागी जातात. हे स्पारिंग वाढवून सुटत नाही. आधी दोरी आणि बॅगवर दमून घ्या, मग लगेच दोन राउंड फक्त जॅबचं स्पारिंग करा. ते टिकलं की क्रॉस जोडा, त्यानंतर हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा). आणि लढतीला सहा-आठ आठवडेच उरले असतील, तर कोच कितीही उत्साही असला तरी गार्डला हात लावू नका.