ज्यूरीचे समन्स आणि घरची घडी: माझा अनुभव
कॅलिफोर्नियातील आमच्या काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयाकडून ज्यूरी सेवेचे, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्यासाठी हजर राहण्याचे, समन्स आले, तेव्हा नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली होती. हे कर्तव्य टाळणे मला पटणारे नव्हते. सूचना नीट वाचल्यावर कळले की सेवा एकदा ९० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते, म्हणून कामाचा ताण कमी असलेला आठवडा निवडून मी समन्सची प्रत त्याच दिवशी माझ्या नोकरीच्या कार्यालयात दिली. त्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी हजर व्हायचे आहे का, हे रोज संध्याकाळी न्यायालयाच्या संकेतस्थळावर आपल्या गट क्रमांकावरून पाहायचे आणि मुलांना शाळेतून कोण आणणार, हे शेजारच्या वहिनींशी बोलून ठरवायचे; फ्रिजवरच्या कागदावर दोन्ही शक्यता लिहिलेल्या असत. बुधवारी हजर झाले, निवड झाली नाही आणि ‘एक दिवस किंवा एक खटला’ या तेथील नियमाप्रमाणे माझी सेवा त्याच संध्याकाळी पूर्ण झाली.