ड्रायर, लिंट आणि विरणारं कापड: नवीन बिऱ्हाड मांडताना

ड्रायरच्या जाळीवर जमणारा मऊ थर, म्हणजेच लिंट, हे बहुतांशी तुमच्याच टॉवेल-चादरींचे तुटलेले तंतू. दोरीवर वाळवायची सवय असलेल्यांच्या हे सुरुवातीला लक्षात येत नाही. म्हणून ड्रायर पहिल्यांदा लावण्याआधी एवढं वाचून घ्या.

जाळी प्रत्येक फेरीआधी साफ करायची. सामाईक यंत्र असेल तर आधीच्या माणसाने केली असेल असं धरून चालू नका. बोट किंचित ओलं करून जाळीच्या एका कडेकडून ओढलं की अख्खा थर गुंडाळत येतो. मग जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं, तर सॉफ्टनरचा (कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा) किंवा ड्रायर शीटचा (कपड्यांसोबत ड्रायरमध्ये टाकतात त्या सुगंधी पातळ तुकड्याचा) मेणचट थर बसलाय. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

जाळीतून निसटलेली लिंट यंत्रामागच्या, गरम दमट हवा घराबाहेर नेणाऱ्या नळीत जाऊन बसते. ती चटकन पेट घेते, त्यामुळे इथे हयगय नको. नळी धातूची, शक्य तितकी आखूड आणि सरळ हवी. प्लॅस्टिकची असेल तर बदलून घ्या. वर्षातून एकदा तरी आतून साफ व्हायला हवी. भाड्याच्या घरात शिरतानाच मालकाला विचारा, शेवटची कधी साफ केली होती. एका फेरीत कपडे वाळेनासे झाले, यंत्र नेहमीपेक्षा तापलं किंवा बाहेरच्या भिंतीवरची झडप नीट उघडेना, तर नळी तुंबली आहे. नळी नसलेल्या ड्रायरमध्ये पाण्याची टाकी रिकामी करावी लागते, आणि बऱ्याचदा जाळी दुहेरी असते. आतलीही काढून पाहा. तेलकट फडकी ड्रायरमध्ये घालूच नका. धुतल्यावरही उरलेलं तेल उष्णतेने आपोआप तापत जातं आणि गरम ढिगाला आग लागू शकते.

आता कापड. लेबलवर चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायर चालेल. आत एक ठिपका असेल तर कमी उष्णता, दोन असतील तर मध्यम. चिन्हावर फुली असेल तर कपडा स्टँडवरच वाळवायचा. इलॅस्टिकच्या कपड्यांना फुली नसली तरी स्टँडच बरा, उष्णतेने त्यांचा ताण जातो. सुती कपडा अगदी कडकडीत होईपर्यंत फिरवला की तंतू ठिसूळ होऊन तुटतात. शिवणी आणि काठ जरासे दमट असतानाच काढा आणि पसरून ठेवा. कापडाचं आयुष्य वाढवणारी याहून सोपी युक्ती नाही.

नवे टॉवेल पहिल्या काही धुण्यांत भरपूर तंतू सोडतात, ते वेगळे धुवा. काळे आणि सिंथेटिक कपडे ते तंतू ओढून घेतात, म्हणून एकत्र नकोत. खिशातला कागदी रुमाल आधी काढा. झिप लावून कपडे उलटे करा. पॉलिस्टर-मिश्र कपड्यावर तंतूंचे बारीक गोळे टिकून राहतात, कारण पॉलिस्टरचा चिवट धागा तुटलेला कापूस धरून ठेवतो. सॉफ्टनर टॉवेलला नकोच; पाणी शोषेनासे होतात.

जुन्या टॉवेलमधून एकाएकी लिंट वाढली, तर तो विरायला लागलाय. चादर उजेडासमोर धरा: आधी मधला भाग झिरझिरीत दिसतो, कडा शाबूत असतात. तेव्हाच ती उभी मधोमध फाडून कडा मध्ये जोडून शिवली, तर आणखी बरेच दिवस चालते.